रोज चाकणला लॅम्बोर्गिनीतून?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी पिंपळे सौदागरला राहतो. चाकण एमआयडीसीत माझं प्रेस पार्ट्सचं छोटं युनिट आहे. वय ४३. सध्या फॉर्च्युनर वापरतो, ऑटोमॅटिक. दहावीत असताना मासिकातून कापलेला लॅम्बोर्गिनी डियाब्लोचा फोटो कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता, तेव्हापासूनचं हे खूळ आहे. आता मुंबईत एका डीलरकडे २००९ ची लॅम्बोर्गिनी गॅलार्डो आहे. ई-गिअर, २१ हजार किलोमीटर चाललेली, झारखंड पासिंग. मागतोय ती किंमत नव्या मोठ्या एसयूव्हीएवढीच आहे. मित्र म्हणतात, घेऊन टाक, गाडी वापरायलाच असते. बायको म्हणते, डोकं फिरलंय. माझा विचार असा की फॉर्च्युनर विकायची आणि गॅलार्डोच रोज वापरायची. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. पेट्रोलचा खर्च मी धरलाय. मुलगी दुसरीत आहे, आई आमच्याकडेच असते. स्पष्ट सांगा, माझं काही चुकतंय का?"

नमस्कार.

वहिनींचं आधी घेतो. तुमचं डोकं वगैरे काही फिरलेलं नाही. स्वतःच्या कष्टाच्या पैशाने आवडती गाडी घ्यावीशी वाटली तर त्यात वेड कसलं? पण त्यांचा निकाल बरोबर आहे, कारण तेवढं वेगळं. फॉर्च्युनर विकू नका. गॅलार्डो घ्यायची की नाही ते पुढे बघू, पण घरात ती एकटीच गाडी असेल असा व्यवहार करू नका.

'पेट्रोलचा खर्च मी धरलाय' हे वाक्य अशा जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं. म्हणजे सगळ्यात किरकोळ खर्च तेवढा धरलेला असतो. तरी हिशेब करून टाकू. ५.२ लिटरचं व्ही-१० इंजिन नाशिक फाट्याच्या गर्दीत लिटरला चार-पाच किलोमीटर देईल. रोजचे पन्नास किलोमीटर म्हणजे दहा-बारा लिटर, महिन्याला अडीचशे ते तीनशे. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि २००९ च्या गाडीचे होज आणि सील त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. इंजिनाला ऑक्टेनही जास्त लागतं. त्यामुळे एक्सपी १०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल) किंवा तशाच पेट्रोलवर यावं लागेल, आणि ते लिटरला दीडशेच्या वर जातं. म्हणजे महिन्याला चाळीस-पंचेचाळीस हजार झाले. युनिट चालवणाऱ्या माणसाला हे झेपेल. झालं, पेट्रोलचा विषय संपला. खरा विषय क्लचचा आहे.

ई-गिअर म्हणजे ऑटोमॅटिक नव्हे, आणि ही गोष्ट डीलर सांगत नाही. तुमच्या फॉर्च्युनरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. ताकद तेलातून जाते. त्यामुळे मोशीपासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत तासभर रांगत गेलात तरी घासून झिजेल असं मध्ये काही नाही. गॅलार्डोच्या ई-गिअरमध्ये आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा कोरडा क्लच आहे. फरक एवढाच की क्लचचं पेडल तुमच्या पायाऐवजी एक हायड्रॉलिक पंप दाबतो आणि गिअरही तोच टाकतो. पुढचा टेम्पो दोन फूट सरकला की तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरला हलकासा पाय लावता. पंप क्लच अर्धवट सोडतो, प्लेट घासते, गाडी दोन फूट जाते, तुम्ही ब्रेक मारता, क्लच परत दाबला जातो. आता नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चिंबळी फाटा, चाकण असं करत एका फेरीत हे किती वेळा होईल ते तुम्हीच मोजा. बायकोच्या पैठणीने भांडी घासण्यातला प्रकार आहे हा. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पळायला बनवलेली वस्तू तुम्ही दिवसाचे दोन तास अर्ध्या क्लचवर ठेवणार.

जाणकार लोक अशी गाडी गर्दीत कशी चालवतात, तेही सांगतो. थांबलं की लगेच न्यूट्रल. पुढे गाडीभर जागा मोकळी होईपर्यंत हलायचंच नाही, आणि मग एका दमात क्लच पूर्ण सुटेल एवढ्या वेगाने जायचं. चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची नाही. चढावर रिव्हर्स तर शक्यतो घ्यायचाच नाही, क्लच सगळ्यात वेगाने तिथं जळतो. कागदावर ठीक आहे. पण चाकणच्या रस्त्यावर पुढे गाडीभर जागा सोडून बघा. त्या जागेत तीन बाइक, एक सहा आसनी रिक्षा आणि एक 'आयशर'चं नाक येऊन बसेल, आणि मागचे हॉर्न वाजवतील ते वेगळंच. तुमच्या सोसायटीचं पार्किंग बेसमेंटला असेल तर रॅम्पवर समोरून कुणी आलं की रिव्हर्स घ्यायची वेळ रोजचीच.

या गाडीचा क्लच किती उरलाय ते कंपनीच्या डायग्नॉस्टिक टेस्टरवर टक्क्यांत दिसतं. डीलरकडून त्याचा प्रिंटआउट मागा. 'क्लच एकदम मस्त आहे साहेब' हे उत्तर चालणार नाही, प्रिंटआउटच हवा. २१ हजार किलोमीटरमध्ये आधी क्लच बदललाय का, कधी बदलला, बिल कुठंय, हेही विचारा. मरीन ड्राइव्हवर रविवारी सकाळी झालेले २१ हजार आणि अंधेरी-कुर्ला रोडवर झालेले २१ हजार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे लांबट, हळूहळू चढणारा. असा एखादा पिंपरी-चिंचवडमध्ये दिसला तर मला फोटो पाठवा. आपल्याकडचे निम्मे स्पीडब्रेकर कुणीतरी रात्रीत डांबराची पाटी उलटी करून गेल्यासारखे असतात. उंची तेवढीच किंवा जास्त, रुंदी हातभर. गॅलार्डोचं पोट जमिनीपासून चार इंचांच्या आसपास असतं, आणि पुढच्या-मागच्या चाकांत २५६० मिलिमीटर अंतर. नाक उचलायची लिफ्ट सिस्टिम त्या काळी ऑप्शन म्हणून मिळायची, ती या गाडीला आहे का ते बघा. असली तरी ती फक्त नाक उचलते. नाक सुटतं आणि पोट बसतं.

डीलरला टोकन द्यायच्या आधी एक प्रयोग करा, खर्च शून्य. साडेआठ फुटी सरळ पीव्हीसी पाइप घ्या आणि दोन विटा. वीट कडेवर उभी केली की साधारण चार इंच भरते. रविवारी पहाटे सोसायटीच्या रॅम्पचा माथा आणि घरापासून हायवेपर्यंतचे स्पीडब्रेकर एकेक करून तपासा. उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वीट ठेवायची, वर पाइप आडवा टाकायचा. पाइप मध्ये कुठं टेकला तर गाडीचं पोटही तिथंच टेकणार. वॉचमन विचारेल काय चाललंय, त्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. एखादा स्पीडब्रेकर तिरका घेऊन, एकेक चाक चढवत पार होतो, पण त्यासाठी समोरची लेन लागते. सकाळी साडेआठला ती कोण देणार?

उंचीचा दुसरा त्रास जास्त गंभीर आहे. ही गाडी १,१६५ मिलिमीटर उंच आहे, म्हणजे छप्पर तुमच्या कमरेच्या जरासं वर. चाकणच्या रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर चालतात. कंटेनरच्या केबिनमधून डाव्या अंगाला लागून उभी असलेली साधी स्विफ्टही नीट दिसत नाही, तिथं ही कुठून दिसणार? तुम्हालाही मागचं आणि तिरकं जेमतेम दिसतं. इंजिनाचा आवाज एवढा असूनही कंटेनरच्या ड्रायव्हरला कळत नाही, कारण त्याच्या कानात त्याचं स्वतःचं इंजिन असतं. क्लच पैशाने बदलता येतो, म्हणून खरं तर हा मुद्दा मी क्लचच्याही वर ठेवीन.

पार्किंगचं थोडक्यात. सोसायटीतली जागा साधारण अडीच मीटर रुंद असते आणि गाडी आरशांशिवाय १.९ मीटर. दोन्ही बाजूंना फूटभर उरतो. दोनच दारं, म्हणून ती लांब. आणि ही दारं वर उघडत नाहीत बरं का! तुमच्या कंपासपेटीतल्या डियाब्लोची उघडायची. ती चैन लॅम्बोर्गिनीने व्ही-१२ वाल्या मोठ्या गाड्यांसाठी राखून ठेवलीय. गॅलार्डोची दारं वॅगन-आरसारखी बाजूलाच उघडतात. पाहुणे आधी हेच विचारतात आणि हिरमुसतात, तयारी ठेवा.

आईंबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, पण मला पत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. सीट दोन आहेत. मुलगी आणि वहिनी दोघी एका वेळी बसू शकत नाहीत. आईंना बसवायचं तर आधी वाकून, मग जवळजवळ जमिनीवर बसल्यासारखं खाली जायचं, आणि उतरताना कुणीतरी दोन्ही हात धरून ओढायचं. रात्री दोन वाजता आईंना दवाखान्यात न्यावं लागलं तर ही गाडी कामाची नाही. कॅब मिळते हे खरं आहे. पण मग दारात कोटभराची गाडी असताना घरातली तीन माणसं कायम कॅबने फिरणार आणि तुम्ही एकटे लॅम्बोर्गिनीतून. वहिनी 'डोकं फिरलंय' म्हणाल्या ते बहुधा गाडीबद्दल नसावं.

आता कागदपत्रं. झारखंड पासिंग वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. झारखंड, हिमाचल, पुद्दुचेरी पासिंगच्या महागड्या गाड्या मुंबईत जागोजाग दिसतात, कारण तिथं रोड टॅक्स कमी लागतो. महाराष्ट्रात आयात गाडीला २० टक्के आहे, आणि कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी इथं बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. तुम्ही रोज त्याच रस्त्याने, त्याच चौकातून, अशा गाडीतून जाणार, म्हणजे लपायची सोय नाही. जुन्या गाडीला टॅक्स वयाप्रमाणे कमी होऊन येतो, तरी आकडा लाखांत जाऊ शकतो. तो आरटीओत आधी काढून घ्या आणि किमतीत धरा. झारखंडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. गाडी देशात आली तेव्हाची कस्टमची नोंद, म्हणजे बिल ऑफ एन्ट्री, बघा. ती नसेल तर तिथूनच उठा, चहाही घेऊ नका.

आणखी एक. २००९ ची म्हणजे पंधरा वर्षं उलटली. आरसीचं नूतनीकरण झालंय का? झालं असेल तर पुढच्या पाच वर्षांचं कधी संपतं? आयात केलेल्या चारचाकीला या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ४० हजार आहे, आणि वीस वर्षं उलटली की २०२५ मधल्या बदलानुसार ८० हजार. शिवाय ग्रीन टॅक्स. रक्कम फार मोठी नाही, पण डीलर 'सगळं क्लिअर आहे' म्हणतो तेव्हा त्यात हे असतंच असं नाही.

विम्यात लोक असेच फसतात. एवढ्या जुन्या गाडीला झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई, बहुतेक कंपन्या देत नाहीत. मग क्लेममध्ये प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात, आणि या गाडीचा पुढचा बंपर, म्हणजे चाकणच्या रस्त्यावर सगळ्यात आधी मार खाणारा भाग, प्लास्टिकचाच आहे. पावसात भुयारी मार्गात पाणी साचलं आणि ते इंजिनात ओढलं गेलं तर साध्या पॉलिसीत तेही बसत नाही. त्यासाठी वेगळं इंजिन कव्हर लागतं, आणि जुन्या गाडीला ते मिळेलच असं नाही.

आणि हे सगळं दुरुस्त कुठं करणार? लॅम्बोर्गिनीचं जवळचं अधिकृत ठिकाण मुंबईला. स्पेअर व्हील नाही, डिकीत पंक्चर किट असतं. मागचा टायर २९५/३० चा, एकोणीस इंची रिमवर. त्याची भिंत इतकी बारीक की मोशीच्या एका खड्ड्यात ती फाटली तर किटने काही होत नाही. हा टायर पिंपरीच्या दुकानात रॅकवर नसतो, मागवावा लागतो. दोरी बांधून ओढून नेता येत नाही, फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रकच लागतो, तोही कमी उताराच्या रॅम्पचा, नाहीतर चढवतानाच बंपर जातो. एखादा सेन्सर किंवा होज इटलीहून यायला आठवडे लागतात. खर्चाचं सोडा, त्या आठवड्यांत तुम्ही चाकणला जाणार कसे? फॉर्च्युनर ठेवा म्हणतो ते यासाठी. रोजची गाडी सकाळी चालू झालीच पाहिजे, हा धंद्याचा प्रश्न आहे.

रस्त्यावरच्या लोकांचं दोन ओळींत सांगतो. बाइकवरची पोरं व्हिडिओ काढत दोन्ही बाजूंनी चिकटतील, एक हात मोबाइलवर आणि एक हँडलवर. सिग्नलला काचेवर टकटक होईल, 'दादा, एकदा रेस द्या ना'. पहिला आठवडा मजा वाटते. शिवाय मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शेने दोन तरुण जीव घेतले, त्यानंतर पुण्यात महागड्या स्पोर्ट्स कारकडे बघायची नजर बदललीय, आणि लोकांना दोष देता येत नाही. तुमची चूक नसताना कुणी येऊन धडकलं तरी जमाव आधी गाडी बघणार. डॅशकॅम पुढचा-मागचा दोन्ही बसवा. हाताशी येईल असं फायर एक्स्टिंग्विशरही ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडवर पेटलेल्या लॅम्बोर्गिनीचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल.

तुमच्या मित्रांचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. उभी ठेवली तर ही गाडी आणखी लवकर बिघडते. बॅटरी उतरते, सील सुकतात, टायर एका जागी बसून चपटे होतात. सोळा-सतरा वर्षांत २१ हजार म्हणजे ही बराच काळ उभीच होती. टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी कोरी करकरीत आणि तारीख दहा वर्षांपूर्वीची, असं सर्रास असतं. तसं दिसलं तर चारही टायर किमतीतून वजा करा.

म्हणून घ्यायचीच असेल तर दुसरी गाडी म्हणून घ्या. आठवड्यातून एकदा, पहाटे साडेपाचला बाहेर काढा. सोसायटीत थोडं सांभाळून, कारण थंड इंजिन सुरू होताना हे प्रकरण अख्ख्या विंगला उठवतं. सहाच्या आत एक्स्प्रेसवेला लागा. तिथं मर्यादा १०० ची आहे, घाटात ६०, आणि कॅमेरे सगळीकडे. ही गाडी १०० ला ३.७ सेकंदांत पोचते, म्हणजे टोलनाक्यातून बाहेर पडलात की मजा संपलीच. पण त्या पावणेचार सेकंदांसाठीच तर तुम्ही कंपासपेटी जपली ना? आठला घरी, मिसळ खाऊन. बाकी सहा दिवस बॅटरी मेंटेनर लावून झाकून ठेवा. क्लच, टायर आणि एक मोठं अनपेक्षित काम यांच्यासाठी दरवर्षी किमतीच्या दहाएक टक्के बाजूला काढा. नाही लागले तर उत्तम.

आणि रोज स्पोर्ट्स कारच चालवायची असा हट्टच असेल, तर वापरलेली पोर्शे 911 बघा, २००९ नंतरची, पीडीके गिअरबॉक्सची. पीडीकेला दोन क्लच असतात आणि ते तेलात बुडालेले, त्यामुळे गर्दीत निभाव लागतो. मागे दोन छोट्या सीट आहेत, दुसरीतली मुलगी तिथं बसेल. पुढे दप्तर आणि दोन बॅगा मावतील एवढी डिकी आहे. आईंचा प्रश्न तिथंही सुटत नाही, म्हणून फॉर्च्युनरबद्दलचं माझं मत तेच. कुणीतरी तुम्हाला ऑडी आर-८ सुचवेल, 'आत लॅम्बोर्गिनीचंच इंजिन आहे' म्हणून. व्ही-१० वाल्या आर-८ बाबत खरंही आहे ते. पण सुरुवातीच्या आर-८ मध्ये आर-ट्रॉनिक आहे, आणि तो ई-गिअरचाच सख्खा भाऊ. दोन क्लचचा एस-ट्रॉनिक २०१३ च्या आसपास आला, त्याच्या आधीची आर-८ चाकणसाठी घेऊ नका.

या रविवारी पाइप आणि विटा घेऊन बाहेर पडा, सोमवारी डीलरकडून क्लचचा प्रिंटआउट आणि बिल ऑफ एन्ट्रीची प्रत मागवा. तीन दिवसांत दोन्ही आले नाहीत तर ती गाडी तुमची नव्हे. आले तर क्लचचा आकडा मला कळवा. ५० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या क्लचचं मजुरीसकट कोटेशन काढून तेवढी रक्कम घासाघीस न करता थेट किमतीतून उतरवून मागायची.